रोपाचा प्रतिकार आणि अहिंसेचा प्रश्न

अहिंसेचा विचार करणाऱ्या भारतीय परंपरांनी वनस्पतीला जवळजवळ नेहमीच सोसणाऱ्याच्या जागी बसवले आहे. ती तोडली जाते, सोलली जाते, मुळासकट उपटली जाते, कुटली आणि उकळली जाते, आणि धर्मशास्त्र प्रश्न विचारते तो हे सारे करणाऱ्या माणसाच्या पापपुण्याचा. वनस्पती स्वतः काय करते हा प्रश्न क्वचितच पुढे येतो. गेल्या साठ वर्षांत वनस्पतिशास्त्राने मात्र याच प्रश्नाचे बरेच तपशीलवार उत्तर दिले आहे. टोमॅटोचे, वांग्याचे किंवा कोबीचे रोप जिवाणूंचा शिरकाव झाल्याचे ओळखते, आपली सूक्ष्म दारे बंद करते, लागण झालेल्या जागच्या स्वतःच्याच पेशी मरू देते, दूरच्या पानांपर्यंत सूचना पोचवते आणि पुढच्या हल्ल्यासाठी तयार राहते. आणि या साऱ्या व्यवहाराचे नियमन संप्रेरके करतात. संप्रेरक म्हणजे वनस्पतीच्या शरीरात अत्यल्प प्रमाणात तयार होणारे असे द्रव्य, जे स्वतः अन्नही नसते आणि ऊर्जाही देत नाही, पण वाढणे, फुलणे, पिकणे, गळणे आणि प्रतिकार करणे यांपैकी कोणते काम केव्हा सुरू व्हावे व केव्हा थांबावे हे ठरवते. रोप जर असे झुंजत असेल तर त्याच्या झुंजीला हिंसा म्हणावे काय, आणि शेतकऱ्याने बाहेरून संप्रेरक देऊन ती झुंज आधीच जागी केली तर ते कर्म जिवाणूंना औषध मारून नष्ट करण्यापेक्षा नैतिकदृष्ट्या खरोखर वेगळे ठरते काय, हे दोन प्रश्न येथे विचारात घ्यायचे आहेत.

नागपूरच्या परिसरात हे प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि ती घेणाऱ्यांत शेतमजुरी व शेती करणारी कुटुंबे मोठ्या संख्येने होती. ईशान्येला रामटेक येथे शांतिनाथाचे दिगंबर जैन मंदिर आहे. पश्चिम विदर्भातील कारंजा (लाड) हे जैन भट्टारकपीठांचे जुने ठिकाण आहे. वर्ध्याच्या वाटेवर पवनार येथे विनोबा भावे यांनी अहिंसक शेतीचे प्रयोग केले. दुसरीकडे नागपूर शहरात १९०६ पासून कृषी महाविद्यालय आहे, अमरावती मार्गावर लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे, आणि कॉटन मार्केटच्या महात्मा फुले भाजी बाजारात कळमेश्वर-सावनेरकडच्या वाड्यांतून वांगी, टमाटर, मिरची, फुलकोबी येत असते. दयेची प्रतिज्ञा घेतलेला माणूस आणि पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला माणूस येथे पुष्कळदा एकच असतो, म्हणून अहिंसेच्या तत्त्वचर्चेला येथे बांधावर उभे राहून उत्तर द्यावे लागते.

मराठीत या चर्चेचा सर्वांत धारदार आरंभ ज्ञानेश्वरीत सापडतो. १२९० साली नेवाशात सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांमध्ये अहिंसेचे विवेचन येते, आणि ते करताना ज्ञानेश्वर आधी अहिंसेच्या नावाखाली चालणाऱ्या हिंसेचा हिशेब मांडतात. यज्ञाच्या जोडीला ते आयुर्वेदालाही तपासतात: एका जिवाला वाचवण्यासाठी दुसऱ्या जिवांचा घात होतो, कुणाची मुळे खणली जातात, कुणाची साल काढली जाते, कुणी उकळले जाते, आणि ज्यांचे कुणाशीही वैर नाही अशा झाडांच्या अंगाला शस्त्र लागते. वैद्यकासारख्या सर्वमान्य परोपकारालाही हा प्रश्न विचारण्याचे धैर्य विलक्षण आहे. सातशे वर्षांनंतरही औषधशास्त्राच्या नीतिचर्चेत झाडांबाबत असा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. त्यातून एक कसोटी हाती लागते: रक्षणासाठी केलेल्या कृतीत इजा कोणाला झाली आणि ती कोठे झाकली गेली, हे आधी पाहावे. पुढील सर्व विवेचनात हीच कसोटी वापरली आहे. मात्र झाडांना वैर नाही या त्यांच्या गृहीताबाबत आज थोडे थांबावे लागते, आणि ते थांबणे साल काढण्याच्या त्याच उदाहरणापाशी घडते.

वाळुंज हे नदीकाठी वाढणारे झाड ज्या प्रजातीत मोडते, त्या प्रजातीतील झाडांची साल ज्वर आणि वेदना यांवर अनेक देशांत वापरली गेली. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मगुरूने या सालीच्या चूर्णाने ताप उतरतो असे निवेदन रॉयल सोसायटीकडे पाठवले. पुढे त्या सालीतील द्रव्यापासून सॅलिसिलिक आम्ल मिळाले आणि १८९७ मध्ये जर्मनीत त्याचे अॅस्पिरिन झाले. माणूस दीडशे-दोनशे वर्षे हे द्रव्य स्वतःच्या तापासाठी वापरत होता, पण झाड ते कशासाठी तयार करते हे कळायला १९७९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी इंग्लंडमधील रॉथमस्टेड संशोधन केंद्रात रेमंड व्हाइट यांनी तंबाखूच्या पानांत अॅस्पिरिन टोचले आणि ती पाने विषाणूला अधिक प्रतिकार करू लागली असे दाखवले. १९९० मध्ये तंबाखू आणि काकडी या दोन पिकांवर वेगवेगळ्या गटांनी केलेल्या कामातून स्पष्ट झाले की लागण झाल्यावर वनस्पती स्वतःच सॅलिसिलिक आम्लाचे प्रमाण वाढवते आणि ते तिच्या प्रतिकाराचे संप्रेरक आहे. औषध म्हणून ज्या सालीचा घात होत आला, तिच्यात साठलेले द्रव्य झाडाच्या स्वतःच्या रक्षणव्यवस्थेचा भाग होते, असा याचा अर्थ होतो. ज्ञानेश्वरांचा आक्षेप त्यामुळे अधिकच गंभीर होतो, कारण सालीबरोबर झाडाचे आवरणही जाते आणि त्याच्या रक्षणाचा साठाही जातो.

हे रक्षण प्रत्यक्षात कसे चालते ते भाजीपाल्याच्या उदाहरणाने पाहिले पाहिजे, कारण तत्त्वज्ञानाचा पुढचा भाग या तपशिलावरच उभा आहे. टोमॅटो, वांगी आणि मिरची यांच्यावर येणाऱ्या जिवाणूजन्य मर रोगाचा कारक राल्स्टोनिया हा जिवाणू मातीत राहतो, मुळांवरील बारीक जखमांतून आत जातो आणि पाणी वर नेणाऱ्या काष्ठवाहिन्यांमध्ये वाढतो. त्याच्या चिकट स्रावाने वाहिन्या तुंबतात, आणि जमिनीत ओल असूनही रोप हिरवेच्या हिरवे माना टाकते. अशा रोपाचे खोड जमिनीलगत तिरपे कापून, कापलेले तोंड काचेच्या ग्लासातील स्वच्छ पाण्यात बुडेल असे धरले, तर काही मिनिटांत त्या तोंडातून दुधाळ पांढरा धागा निघतो आणि संथपणे पाण्यात खाली उतरतो. तो धागा म्हणजे जिवाणूंचे आणि त्यांच्या स्रावाचे लोळ. बुरशीमुळे आलेल्या मर रोगात असा धागा दिसत नाही, म्हणून शेतातल्या शेतात रोग ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण मानली जाते. कोबीवरील घाण्या रोग, टोमॅटो व मिरचीवरील जिवाणूजन्य ठिपके, कागदी लिंबावरील खैऱ्या हे रोग झँथोमोनास या दुसऱ्या प्रजातीतील जिवाणूंमुळे होतात आणि ते पानांच्या कडांतून, जखमांतून किंवा पर्णरंध्रांतून, म्हणजे पानांवरील सूक्ष्म दारांतून, आत येतात. खैऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट विदर्भातील बागाईतदाराला परिचित आहे: कागदी लिंबू या रोगाला सहज बळी पडते, तर नागपुरी संत्रा बऱ्याच अंशी तग धरतो. एकाच जिवाणूसमोर दोन जवळची झाडे इतकी वेगळी वागतात याचे उत्तर जिवाणूत नाही, झाडाच्या प्रतिकारात आहे.

या प्रतिकाराची पहिली पायरी ओळखण्याची असते. जिवाणू ज्या शेपटीसारख्या तंतूने पोहतो त्या तंतूच्या प्रथिनातील अवघ्या २२ अमिनो आम्लांचा तुकडा वनस्पतीच्या पेशीवरील ग्राही ओळखतो. ग्राही म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील असे प्रथिन, जे विशिष्ट रेणू आला की आत सूचना देते. मोहरीच्या कुळातील एका लहान वनस्पतीवर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की जिवाणू पानावर आल्यानंतर सुमारे तासाभरात पर्णरंध्रे मिटतात, आणि या मिटण्यात सॅलिसिलिक आम्ल व अॅब्सिसिक आम्ल या दोन संप्रेरकांचा वाटा असतो. दुसरी पायरी अधिक कठोर आहे. जिवाणू आत शिरून आपली प्रथिने थेट पेशीत सोडू लागला आणि रोपाजवळ ती ओळखणारे जनुक असले, तर त्या जागच्या पेशी काही तासांत स्वतः मरतात, जिवाणूला पुढे सरकायला जिवंत पेशी उरत नाहीत आणि पानावर एक लहान तपकिरी ठिपका राहतो. याला अतिसंवेदनशील प्रतिक्रिया म्हणतात. टोमॅटोतील असे एक जनुक १९९३ मध्ये वेगळे करण्यात आले. तिसरी पायरी दूरची आहे. अमेरिकेतील फ्रँक रॉस यांनी १९६१ मध्ये दाखवले की तंबाखूच्या एका पानाला लागण झाल्यावर दुसरी, लागण न झालेली पानेही प्रतिकारक्षम होतात. याला सर्वांगीण अर्जित प्रतिकार हे नाव पडले, आणि पुढे तो जिवाणूंविरुद्धही चालतो असे आढळले. या अवस्थेत सॅलिसिलिक आम्ल वाढते, पेशीद्रवात गुच्छ करून थांबलेले एनपीआर-१ नावाचे प्रथिन सुटे होऊन केंद्रकात जाते, आणि रोगप्रतिकारक प्रथिने बनवणारी जनुके कामाला लागतात. दूरवर जाणाऱ्या सूचनांपैकी एक मिथाइल सॅलिसिलेट आहे. सांधेदुखीच्या बामाला जो उग्र वास असतो तो याच द्रव्याचा.

येथे एक बारकावा सोडता येत नाही: सॅलिसिलिक आम्ल या प्रमाणात जिवाणूंना मारत नाही. मारण्याचे काम पुढे तयार होणारी द्रव्ये करतात. आम्ल केवळ निरोप आहे. जिवाणूंनाही या निरोपव्यवस्थेचा उपयोग करून घेता येतो. टोमॅटोवर ठिपके पाडणारा स्यूडोमोनासचा एक प्रकार कोरोनाटीन नावाचे द्रव्य तयार करतो, जे जास्मोनिक आम्ल या दुसऱ्या संप्रेरकाच्या सक्रिय रूपाची नक्कल असते. जास्मोनिक कुळातील पहिले द्रव्य १९६२ मध्ये जाईच्या सुगंधी तेलातून मिळाले, म्हणून त्याला जाईच्या इंग्रजी नावावरून नाव मिळाले. वनस्पतीत त्याचे मुख्य काम पाने कुरतडणाऱ्या किडींविरुद्ध आणि पेशी मारून खाणाऱ्या बुरशींविरुद्ध रक्षण करणे हे आहे. ही दोन संप्रेरके बहुतेक वेळा एकमेकांना दाबतात. जिवाणू नकली निरोप देतो, रोप किडीच्या तयारीला लागते, सॅलिसिलिक बाजू दबते आणि मिटलेली पर्णरंध्रे तीन-चार तासांत पुन्हा उघडतात.

आता पहिला प्रश्न. रोप जिवाणूंना मारते, स्वतःच्या पेशी मरू देते. याला हिंसा म्हणावे काय? जैन तत्त्वज्ञानात याचे उत्तर देण्याची साधने सर्वांत तयार आहेत, कारण तेथे वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे, म्हणजे स्पर्श हे एकच इंद्रिय असलेला जीव, आणि आचारांगसूत्रात माणसाचे व वनस्पतीचे शरीर शेजारी ठेवून दोन्ही जन्मतात, वाढतात, अन्न घेतात, तोडल्यावर कोमेजतात असे साम्य दाखवलेले आहे. सूक्ष्म जीवांचेही अस्तित्व तेथे मानलेले असल्याने जिवाणूलाही या हिशेबातून वगळता येत नाही. मात्र उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या आहे तिच्यात प्राणहरणाबरोबर प्रमाद, म्हणजे कषायांनी (क्रोध-लोभादी विकारांनी) किंवा बेफिकिरीने प्रेरित झालेली प्रवृत्ती, हा घटक आहे. या व्याख्येने पाहिल्यास रोपाची झुंज हिंसेच्या न्यायकक्षेत येतच नाही, कारण तिच्यात निवड नाही. ग्राहीला तंतूचा तुकडा मिळाला की पुढचे सारे घडते. फवारणी करायची की नाही, केव्हा करायची, कशाची करायची हे ठरवणारा माणूस मात्र त्या कक्षेत पूर्णपणे येतो. जैन आचार्यांनी गृहस्थासाठी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार केले. संकल्पी म्हणजे मारण्याच्या हेतूने केलेली, ती पूर्ण वर्ज्य. घरकामात, उपजीविकेत आणि स्वसंरक्षणात अटळपणे होणारी उरलेली तीन कमीत कमी ठेवायची. शेतीतील हिंसा उद्योगी आहे, आणि कमीत कमी ठेवायची म्हणजे नेमकी कशी, हे येथे ठरवावे लागते.

लागण झालेल्या पेशींच्या मरणाला त्याग म्हणण्याचा मोह प्रवचनकारांना होतो आणि तो समजण्यासारखा आहे, पण तो स्वीकारणे चुकीचे ठरेल. त्यागाला सोडणारा लागतो, आपल्याजवळ काय आहे याची जाणीव लागते, न सोडण्याची शक्यता लागते. त्या पेशीजवळ यांपैकी काहीच असल्याचा पुरावा नाही. वनस्पतीच्या जाणिवेचा वाद जुना आहे. महाभारताच्या शांतिपर्वातील भृगु-भरद्वाज संवादात झाडे ऐकतात, पाहतात, स्पर्श जाणतात असे प्रतिपादन आहे, आणि त्यात एक युक्तिवाद आपल्या विषयाला अगदी भिडणारा आहे: झाडे मुळांनी पाणी पितात, त्यांना रोग होतो आणि त्या रोगावर उपचार चालतो, म्हणून त्यांना रसनेंद्रिय आहे. रोग व उपचार यांतून जाणिवेचे अनुमान काढण्याची ही पद्धत आजच्या प्रयोगशाळेलाही ओळखीची वाटावी. विसाव्या शतकाच्या आरंभी जगदीशचंद्र बोस यांनी वनस्पतींतील विद्युत्-प्रतिसाद मोजून हा प्रश्न पुन्हा जगापुढे ठेवला. २०१८ मध्ये पानाला जखम झाल्यावर कॅल्शियमची लाट दूरच्या पानांपर्यंत धावताना चित्रित झाली. तर २०१९ मध्ये काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी एकत्र येऊन वनस्पतींना जाणीव नाही आणि तिची गरजही नाही अशी भूमिका घेतली. प्रतिसाद आहे याबद्दल आता मतभेद उरलेला नाही. वाद आहे तो त्या प्रतिसादामागे कोणी अनुभव घेणारा आहे काय याबद्दल.

या ठिकाणी बौद्ध विचार अधिक उपयोगी पडतो. रोपाच्या प्रतिकाराला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, आदेश देणारे केंद्र नाही. निरोप कोणत्याही पानातून निघतो, कोणत्याही दिशेने जातो, दुसऱ्या निरोपाने दबतो, तिसऱ्याने वाढतो, आणि या परस्परावलंबी घडामोडींतून संपूर्ण रोपाचे रक्षण होते. प्रतिकार आहे, प्रतिकार करणारा वेगळा दाखवता येत नाही. कारणांच्या साखळीतून घटना घडते आणि त्या घटनेमागे नित्य असा कर्ता शोधण्याची गरज नाही, हा प्रतीत्यसमुत्पाद आणि अनात्म या बौद्ध सिद्धांतांचा गाभा आहे. विज्ञानाने बुद्धवचन सिद्ध केले असे म्हणणे मात्र दोन्हींवर अन्याय करणारे होईल. अनात्मवाद दुःखमुक्तीसाठी सांगितला गेला, वनस्पतिशास्त्रासाठी नव्हे. एवढे म्हणता येते की रोपामध्ये आत्मा आहे की नाही या प्रश्नावर अडून न राहता त्याच्याशी कसे वागावे हे ठरवण्याची मोकळीक हा विचार देतो. विनयपिटकातही भिक्षूंना हिरव्या वनस्पतीची हानी करण्यास मनाई आहे, आणि तेथे मुळापासून, खोडापासून, पेरापासून, फांदीपासून व बीजापासून वाढणाऱ्या पाच प्रकारांची यादी आहे. नियमामागे वनस्पतीत जीव आहे असे मानणाऱ्या लोकांच्या भावनेचाही विचार होता. शेतकरी भिक्षू नसतो, आणि त्याच्यासाठी हा नियम जसाच्या तसा लागू करता येत नाही.

त्याच्यासाठी अधिक जवळचे विवेचन आंबेडकरांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ मध्ये, त्यांच्या परिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. त्यांच्या मते बुद्धाने मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला. एका टोकाला मारण्याची इच्छा बाळगणारी परंपरा आणि दुसऱ्या टोकाला कधीही न मारण्याचा निश्चय केलेली परंपरा, या दोहोंमध्ये बुद्धाची अहिंसा मध्यम मार्गाने जाते. त्याचबरोबर अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे, आणि तत्त्व माणसाला विचार करून वागण्याचे स्वातंत्र्य देते, नियम देत नाही, असा त्यांचा आग्रह आहे. भाजीपाल्याच्या शेतात हा भेद अत्यंत नेमका उतरतो. जिवाणूंपासून पीक वाचवणे ही गरज आहे. पण रोग दिसण्याआधीच, शेजाऱ्याने मारले म्हणून, विक्रेत्याने सांगितले म्हणून, हाती आहे ते औषध दुप्पट मात्रेत मारणे यात गरजेचा शोधच घेतलेला नसतो. त्याला इच्छा म्हणता येणार नाही, पण बेफिकिरी म्हणावेच लागेल, आणि जैनांच्या प्रमादाची व आंबेडकरांच्या गरजेच्या कसोटीची येथे गाठ पडते.

ही बेफिकिरी कोठे पोचते याची दोन उदाहरणे विदर्भाला दूरची नाहीत. जिवाणूजन्य रोगांवर ताम्रयुक्त बुरशीनाशकाबरोबर जे औषध सर्रास मारले जाते त्यात नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि दहा टक्के टेट्रासायक्लिन असते. स्ट्रेप्टोमायसिन हे १९४३ मध्ये सापडलेले, क्षयरोगावर प्रभावी ठरलेले प्रतिजैविक आहे. ते पिकावर पुनःपुन्हा मारल्याने त्याला न जुमानणारे जिवाणू मातीत व पाण्यात वाढण्याचा धोका असतो, आणि या कारणाने केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये त्याचा शेतीतील वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा मसुदा आदेश काढला. दुसरे उदाहरण २०१७ चे आहे. त्या वर्षीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. ती औषधे किडींसाठी होती, जिवाणूंसाठी नव्हती. पण इजा कोठे झाकली गेली हे पाहण्याची जी कसोटी वर सांगितली, तिच्या दृष्टीने ज्याला इजा पोचते त्याचे शरीर पिकाच्या रक्षणाच्या हिशेबात धरलेच गेले नव्हते, ही गोष्ट दोन्हींना समान आहे.

या पार्श्वभूमीवर संप्रेरकांचा मार्ग आकर्षक दिसतो. अल्प मात्रेत सॅलिसिलिक आम्ल किंवा त्याचे काम करणारे द्रव्य दिले, तर बाहेरून कुणालाही न मारता रोपाची स्वतःची व्यवस्था जागी होते. असिबेन्झोलार-एस-मिथाइल हे असेच कृत्रिम द्रव्य गेली अनेक वर्षे काही देशांत टोमॅटोवरील जिवाणूजन्य ठिपक्यांसाठी वापरात आहे. मुळांभोवती राहणारे काही उपकारक स्यूडोमोनास जिवाणूही जास्मोनिक आम्ल आणि इथिलीन या संप्रेरकांच्या वाटेने रोपाला सज्ज करतात, आणि बियाण्याला किंवा रोपांच्या मुळांना त्यांची प्रक्रिया करणे आपल्याकडील शेतकऱ्यांना ठाऊक आहे. परंतु याला निर्दोष अहिंसा म्हणण्याची घाई करू नये. बाहेरून दिलेले संप्रेरक हा खोटा इशारा असतो. शत्रू आलेला नसतो आणि रोप मात्र तयारीला लागते. चोर आलेला नसताना रोज रात्री सगळे गाव गस्तीला जागवले, तर सकाळी पेरणीला माणसे झोपाळलेली मिळतात. सॅलिसिलिक आम्ल सतत जास्त असलेली रोपे खुजी राहतात, कारण ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकाशी त्याचे पटत नाही, आणि वारंवार फवारणी केलेल्या मिरचीवर्गीय पिकात उत्पादन घटल्याचे अनुभव नोंदले गेले आहेत. दुसरी किंमत किडींच्या रूपाने येते: सॅलिसिलिक बाजू बळकट केलेल्या टोमॅटोवर पाने खाणाऱ्या अळ्या अधिक सुखाने वाढतात असे १९९९ च्या सुमाराच्या प्रयोगांत दिसले, आणि त्या अळ्यांसाठी मग कीटकनाशक काढावे लागले तर टाळलेली हिंसा दुसऱ्या दाराने आत येते.

नागपूरला तिसरी मर्यादाही आहे, आणि ती हवामानाची. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तापमान २८ अंश सेल्सिअसवर गेले की वर उल्लेखिलेल्या मोहरीकुळातील वनस्पतीत सॅलिसिलिक आम्लाची निर्मिती मंदावते आणि जिवाणू वरचढ ठरतात असे आढळले. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पावसाळ्यातही दिवस उष्ण व दमट राहतात, तेथे पिकाची जन्मजात सज्जता कमी पडण्याची शक्यता धरूनच चालले पाहिजे. केवळ निसर्गावर सोपवा, रोप स्वतःला सांभाळून घेईल, असे सांगणारा भाविक विचार येथे अपुरा ठरतो.

विनोबांनी १९५० च्या सुमारास पवनारच्या आश्रमात बैलाशिवाय, केवळ हाताने करायची ऋषीशेती आरंभली, तेव्हा त्यांनी श्रमाचा आणि इजेचा सारा भार शेती करणाऱ्याने स्वतःच्या अंगावर घ्यावा अशी दिशा दाखवली. ती साधकाची दिशा आहे. ज्याला कर्जाचा हप्ता आणि बाजारभाव यांच्यामध्ये भाजी पिकवायची आहे त्याच्यावर ती लादता येणार नाही. तरी तिच्यातील एक गोष्ट सर्वांना लागू आहे: इजेचा भार कोणीतरी उचलतोच, आणि तो कोण उचलतो हे माहीत असले पाहिजे. संप्रेरकांच्या मार्गात तो भार रोपाची वाढ आणि शेतकऱ्याचे काही उत्पन्न उचलते. प्रतिजैविकांच्या मार्गात तो उद्याचा क्षयरोगी उचलतो, ज्याला याची कल्पनाही नसते. बेसुमार फवारणीत तो पंप पाठीवर घेतलेला मजूर उचलतो. या तीन भारांत पहिला सर्वांत हलका आहे आणि ज्याला लाभ मिळतो त्याच्याच माथी तो पडतो, म्हणून नैतिकदृष्ट्या तो मार्ग श्रेष्ठ मानावा, असा निष्कर्ष निघतो. तो हिंसेतून मुक्त आहे म्हणून श्रेष्ठ आहे असे मात्र म्हणता येत नाही. प्रतिकारक्षम वाण, मर रोगाला दाद न देणाऱ्या रानवांग्याच्या खुंटावर केलेली कलमे, पिकांची फेरपालट, रोगट रोपे उपटून जाळणे आणि रोपवाटिकेतच दिलेली सज्जतेची एखादी मात्रा यांना पहिले स्थान, आणि मारणाऱ्या औषधाला गरज सिद्ध झाल्यावर शेवटचे स्थान, हा क्रम जैनांच्या कमीत कमी हिंसेच्या आग्रहाला आणि आंबेडकरांच्या गरजेच्या कसोटीला एकाच वेळी उतरतो.

या क्रमाला प्रामाणिक माहितीची जोड हवी. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरचे कृषी महाविद्यालय यांच्या तज्ज्ञांनी भाजीपाल्याच्या शिफारशी छापताना संप्रेरकयुक्त द्रव्यांच्या मात्रेशेजारी वाढीवर होणारा परिणाम, किडीचा वाढणारा धोका आणि उन्हाळ्यात कमी होणारा उपयोग हेही छापावे. विहारांतून, मंदिरांतून आणि कीर्तनांतून दयेचा उपदेश करणाऱ्यांनी त्या उपदेशात फवारणी करणाऱ्या मजुराचे हातमोजे आणि तोंडावरचा कपडा यांनाही जागा द्यावी. आणि शेतकऱ्याने कृषी सेवा केंद्रातून बाटली उचलण्याआधी मरगळलेल्या रोपाचे एक खोड कापून ग्लासातल्या पाण्यात धरावे, धागा उतरतो की नाही ते पाहावे आणि मगच ठरवावे.